भोंग्याची वायर

१२ मार्च

ती. दादा,

तुझं पत्र पोचलं. वहिनीच्या गुडघ्याची सूज उतरली, बरं झालं. आई जेवते ना नीट? इकडे ठीक. हे आता भिंतीला हात लावत स्वयंपाकघरापर्यंत येतात. काल चहा स्वतः ओतून घेतला. निम्मा ओट्यावर.

तू लिहितोस, 'चौकशीत लेप जुना झाला होता एवढंच म्हणायचं होतंस. तुझं काय जात होतं?'

सोपं होतं खरं. असे लेप दमट हवेत खराब होतात, कुणालाही पटलं असतं.

तुझ्या शीतगृहातल्या अमोनियाच्या पाइपांलगत ती काचेची बारीक तार आम्ही दोघांनीच ओवली होती. हे शिडीवर, मी खाली. तारेवर माझा लेप, दिसायला प्लॅस्टिकसारखा पण वीज वाहून नेणारा. अमोनिया लागला की हिरव्याचा निळा होतो, तारेतला प्रकाश बदलतो आणि भोंगा वाजतो.

त्या दुपारी गॅस सुटला, पण भोंगा वाजला नाही. हे आतल्या खोलीत होते.

तू गावभर सांगत सुटलास, 'बहिणीचं यंत्र फुसकं निघालं.' निर्धास्त होतास, कारण गॅस गेला की लेप पुन्हा हिरवा होतो, मागे खूण राहत नाही. मीच शिकवलं होतं तुला.

म्हणून मी चौकशीच्या साहेबांना म्हटलं, तीच तार जागेवर तपासू. सगळ्यांसमोर तारेखाली अमोनियाची बाटली उघडली. लेप निळा झाला. यंत्रावरचा दिवाही लागला. भोंगा मात्र गप्प!

"वायर कुणी काढली?" मी तुझ्या वायरमनला विचारलं. तो तुझ्याकडे बघायला लागला.

"तिकडे काय बघता? यांच्या डोळ्यांकडे बघा."

त्याची मान खाली गेली. "साहेब म्हणाले, सारखा वाजतो, माल भरायचं काम थांबतं. काढून टाक."

तो बोलणार हे मला माहीत होतं. त्यासाठीच तर यांना हाताला धरून आणलं होतं.

शीतगृहाला सील ठोकलं तेव्हा आम्ही फाटकाशीच होतो. यांनी विचारलं, "दादा काय करतोय?"

"रडतोय."

"चल मग घरी."

"थांबा जरा," मी म्हटलं. "मला अजून बघायचंय."

पोटभर बघितलं, दादा. अजून खटला उभा राहायचाय. तिथेही येईन, यांना घेऊनच. आईला मध्ये घालू नकोस. तिला मी सगळं सांगितलंय. ती काय म्हणाली ते तिलाच विचार, धीर असेल तर.

बहीण म्हणून हे शेवटचं पत्र. यापुढे कोर्टात भेटेल ती फक्त

तुझ्या मेव्हण्याची बायको