ऑल सोल्सच्या यादीतलं तुझं नाव

नेस्टर,

हे मी तुला पाठवणार नाही, म्हणून लिहिते.

आज ऑल सोल्स डे, आपल्या मेलेल्यांसाठी प्रार्थना करायचा दिवस. मालाडच्या सिमेट्रीतली आपल्या पणजोबांची कबर मी एकटीनेच घासली. गुडघे वाकत नाहीत रे आता. वरची फरशी तडकलीय. दुरुस्तीच्या अर्जावर तुझीही सही लागते, हे तुला टोरंटोला तीनदा कळवलं. दरवेळी तू ‘ख्रिसमसला येतो’ म्हणालास.

चर्चमधल्या मिस्सात वाचायला आपल्या मेलेल्या माणसांची नावं लिहून द्यायची असतात, आठवतं ना? मी लिहिली: पणजोबा, आजी, पप्पा, मम्मी. तिथं हात थांबायला हवा होता. पण रोज संध्याकाळी रोझरीची माळ जपताना मम्मीच्या मागोमाग तुझंच नाव घेते, तेच सवयीने उतरलं.

फादरनी सगळी नावं मोठ्याने वाचली. तुझंही. मी त्यांना थांबवणार होते. आजूबाजूला सगळं गाव उभं होतं, तुझ्या वर्गातला जेरोमसुद्धा. एकानेही मान वर केली नाही. सगळे म्हणाले, “प्रभू, त्यांना चिरशांती दे.”

मीही म्हणाले.

तुझी थोरली,
युलालिया