लोखंडाची चांदणी

भिलाई, डिसेंबर. आगमनकाळाचा दुसरा रविवार, संध्याकाळ.

खांदे भरून आले, तरी लिहून राहिलो. आज प्रार्थनेच्या शेडपुढे नाताळची चांदणी चढवायची होती. गावाकडे ती कामट्या अन् पतंगी कागदाची करतात. पण आम्ही पडलो प्लांटचे वेल्डर. माझ्या खोलीतले पौलसकाका म्हणाले, "कागद कावून? एका दवात फाटंल!" मुकादमाले विचारून भंगारातल्या सळया आणल्या अन् चांदणी अशी पक्की जोडली, की तिच्यावर पूल उभा राहिला असता.

बांबूवर चढवली, तर बांबूच वाकला. चांदणी थेट प्रार्थना घेणाऱ्या पाळकसाहेबांच्या टोपीवर! मग बांबू धरायले मलेच उभं केलं. काका म्हणाले, "तुले तसंही बसवत नाही."

खरंच आहे. इथं आल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. प्रार्थनेत डोळे मिटले की गाव दिसते, पळून जावं वाटते. दर रविवारी बिडीच्या निमित्तानं मधूनच सटकतो. आज सटकलो असतो, तर चांदणी लोकांच्या डोक्यात! पाळकसाहेबांची प्रार्थना संपता संपेना. आधी त्यांचा राग आला, मग काकांचा, मग चांदणीचा. मग रागही थकला. "देवा, आता तूच धर," एवढंच म्हणालो. बांबू काही हलका झाला नाही. पण मी थांबलो होतो. आतून थांबलो होतो. बिडी आठवलीच नाही!

आमेन झाल्यावर काका म्हणाले, "उद्या लोखंडी खांब लावू."

"राहू द्या, काका," मी म्हटलं. "पुढच्या रविवारी बी मीच धरतो."