मीटरचा म्हणून सही घेतलेला कागद

मी, आनंदा हिलाल बागूल, वय ६४, मूळ तालुका शिंदखेडा, जिल्हा धुळे, राहणार नवागाम, डिंडोली, सुरत, हे मृत्युपत्र शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवतो. साखर आहे, गुडघे गेले आहेत, पण डोकं ठिकाणावर आहे. ते बारा वर्षांपूर्वीही ठिकाणावरच होतं, म्हणून खालच्या गोष्टीला मला कसलीही सबब नाही.

१. बँकेतली सगळी ठेव माझी पत्नी प्रभावती हिची. तिने मागितली नसती, म्हणून लिहून ठेवतो.

२. लूम दुरुस्तीचे माझे पाने आणि हातोड्या मुलगा शुभम याला. तो कतारगामला हिऱ्याच्या कारखान्यात बसतो आणि या हत्यारांना हसतो. हसू दे, पण भंगारात घालू नये. याच हत्यारांवर त्याची शाळा झाली.

३. नवागामचं घर. खालचा मजला प्रभावतीला, तिच्यानंतर शुभमला. वरचा मजला, जिन्यासह, माझी धाकटी बहीण लीला हिला. कागदावर घर माझ्या एकट्याचं असल्यामुळे वकीलबाईंनी 'देत आहे' असं लिहायला लावलं. वाचणाऱ्याने मला उदार समजू नये. अर्धं घर पहिल्यापासून तिचंच आहे.

४. ते माझ्या एकट्याचं कसं झालं, हे इथे लिहिणं मला भाग आहे.

घर वडिलांचं. ते मृत्युपत्र न करता गेले, मागे आम्ही दोघंच. पुढच्या वर्षी अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लीला नंदुरबारहून माहेरी आली. आमच्या खानदेशात अखाजीला लेक घरी येते, झोके घेते, चार दिवस तिला कोणी काम सांगत नाही. मी तिला सणाच्या दुसऱ्या दिवशी रिक्षात घालून नोंदणी कार्यालयात नेलं. कोर्टाजवळच्या एका वकिलाकडून हक्कसोडपत्र आधीच गुजरातीत करून ठेवलं होतं. लीलाला मराठी वाचता येतं, गुजराती नाही. तिने विचारलं, "भाऊ, हाऊ कागद कसाना शे?" मी म्हणालो, "लाइटना मीटरना शे. सही कर." साहेबांनी विचारलं, "बेन, राजीखुशीथी सही करो छो ने?" तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "हां सांग." तिने हां सांगितलं.

हक्क सोडणाऱ्या बहिणीला भावाने साडी द्यायची असते. मी दिली, अखाजीची म्हणून. तीसुद्धा मार्केटमधली सेकंडची, पदराजवळ रंग फुटलेली. लीला ती नेसून गल्लीभर दाखवून आली. मला त्या साडीची आजही लाज वाटते, घरापेक्षा जास्त.

प्रभावतीला मी अनेक वर्षं सांगत आलो की वकिलाने फसवलं. ते खोटं आहे. वकिलाने मला स्वच्छ विचारलं होतं, बहिणीला समजावलंय ना? मी हो म्हणालो. त्याने दुसऱ्यांदा विचारलं नाही, एवढाच त्याचा दोष. फी मी दिली होती, काम माझं होतं.

या वेळी मी डिंडोलीच्या ॲडव्होकेट ज्योती वानखेडे यांच्याकडे आलो. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "काका, लीलाआत्यांना हे माहीत आहे का?" मी चष्मा घरी राहिला म्हणून उठून गेलो. चष्मा खिशात होता. परत यायला महिना लागला.

५. यंदाच्या अखाजीला लीलाने मला विचारलं, "भाऊ, दोन-तीन महिना वरनी खोलीमा राहू का?" तिचा नवरा गेलाय, नंदुरबारला घरमालक खोली खाली करायला सांगतोय. शुभमला वर एसी बसवायचा होता. तो तिच्यासमोर गुजरातीत म्हणाला की फोईला, म्हणजे आत्याला, इथे कसला हक्क? मी त्याला गप्प केलं नाही. लीलाला म्हणालो, "दखसू." तिसऱ्या दिवशी तिला नंदुरबारच्या गाडीत बसवून आलो. तिच्याच घरात ती जागा मागत होती आणि मी विचार करून सांगतो म्हणालो. शुभम हरकत घेणार असेल तर त्याला हे कलम मोठ्याने वाचायला लावावं.

६. (हे कलम सहीच्या वेळी, हाताने वाढवलं आहे.) माझा लूमवरचा जुना सोबती बळीराम साक्षीला आला. सगळं वाचून त्याने पेन खाली ठेवलं. "मी सही करसू, आनंदा. पन पैले तिले फोन लाव. तू मरना की तोंड लपाडाले मोकळा, अशे नको." वकीलबाईंनी फोन माझ्यापुढे सरकवला. मी लीलाला कलम तीन ते पाच वाचून दाखवली. पाचव्याच्या मध्यावर मी कागद बळीरामकडे दिला, पुढचं त्याने वाचलं. ती रडली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. म्हणाली, "तुना मराना बाद कसाले? मी सोमवारे येस. खोली खाली कर." आणि फोन ठेवला. माफ केलं असं ती म्हणाली नाही. मी विचारलंही नाही.

म्हणून वरचा मजला तिच्या नावे करून द्यायला नोंदणी कार्यालयात पुढच्या गुरुवारची वेळ घेतली आहे. तो कागद मराठीत भाषांतर करून तिला आधी वाचायला मिळेल. त्यानंतर कलम तीनमधला तिच्याबद्दलचा भाग निकामी ठरेल, असं वकीलबाई म्हणतात. तो खोडू नये.

स्थळ : डिंडोली, सुरत
दिनांक : ११ जून २०२५

सही : आनंदा हिलाल बागूल

आमच्यासमोर लिहिणाऱ्याने वाचून सही केली :
१. बळीराम सुका पाटील, नवागाम
२. शोभाबाई रमेश इंगळे, पिठाची गिरणी, डिंडोली