स्वीकारकर्ता

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५, मढ

वर्सोव्याहून बोट पाच मिनिटांत मढला लागली. पाणी उडेल म्हणून नितेशदादाने माझी बॅग डोक्यावर धरली, लोक हसले. बंगला छान आहे. समोर बोंबील वाळत घातलेत, मागे समुद्र. इथे तीन आठवडे राहून मी डीबीटी, म्हणजे मनावरच्या उपचाराची एक पद्धत, शिकणार. शिकवणाऱ्या यव्होन मॅडम म्हणाल्या, कुठलीच भावना वाईट नसते, ती हाताळायची कौशल्यं असतात. छाती धडधडली की थंड पाण्यात तोंड बुडवायचं. मनात आलं ते खरं आहे का, तथ्य तपासायचं. जे बदलत नाही त्याचा पूर्ण स्वीकार करायचा. रोज तक्ता भरायचा, प्रत्येक भावनेला शून्य ते पाच.

मी दहिसरला फ्लेक्सच्या दुकानात मजकूर जुळवतो. नववीत शाळा सुटली, पण माझ्या बॅनरवर ऱ्हस्व-दीर्घाची चूक सापडायची नाही. दिवाळीपासून हात थरथरतात. शेठ म्हणाले, बरा होऊन ये, जागा ठेवतो. वहिनीला मात्र मी इथे यायला नको होतं. दादा तापट आहे. त्याने तिच्यावर हात उगारला की मीच मध्ये उभा राहतो.

इथल्या प्रवेशाचा अर्ज दादाने आणला होता. मी दोनदा वाचला. एकही चूक नाही. ‘स्वीकारकर्ता’मधला वी दीर्घ, हवा तसा. सही केली.

भीती ३. राग ०.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

थंड पाण्याचा उपाय लागू पडतो. श्वास रोखून तीसपर्यंत मोजले, छाती शांत.

काल जोडीचा सराव झाला. मध्ये लाकडी पडदा असतो, पलीकडे कोण बसलंय ते सांगत नाहीत. तिकडून चिठ्ठी येते. ती मोठ्याने वाचायची आणि ‘मी स्वीकारतो’ म्हणायचं. दुसऱ्याचं ऐकलं की आपली भीती लहान होते, असं मॅडमनी सांगितलं. झालीही. चिठ्ठीत होतं: ‘आमटीत मीठ कमी होतं. हात शिवशिवले. याचा स्विकार करा.’ वि ऱ्हस्व. मी मनातच दुरुस्त केला.

भीती १. राग १.

सोमवार, १० फेब्रुवारी

वहिनीचा फोन आला. म्हणाली, दादा गुरुवारपासून एकदम शांत आहे, सकाळी चहासुद्धा त्याने केला. माझा आवाज बदलल्यासारखा वाटतो, सर्दी झाली का, असंही तिने विचारलं.

दुपारी भातात खडा लागला. मी ताट भिंतीवर मारलं. स्वयंपाक करणाऱ्या सेराफिनाबाईंच्या कपाळाला उसळलेल्या ताटाची कड लागली. पाया पडून माफी मागितली. आयुष्यात मी कधी काही फेकलेलं नाही.

तथ्य तपासलं. खडा लहान होता.

भीती १. राग ३.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

कालची चिठ्ठी: ‘ती मागे सरकली की राग जास्त चढतो. बांगड्या फुटल्या की बरं वाटतं. स्विकार करा.’

वाचून झाल्यावर आठवलं. दादाच्या लग्नपत्रिकेवर ‘निमंत्रणाचा स्विकार व्हावा’ असं छापून आलं होतं. मजकूर त्याचाच. दोनशे पत्रिकांवर मी पेनाने वेलांटी सुधारत बसलो होतो आणि तो म्हणाला होता, कोण बघतंय रे.

सेराफिनाबाईंना विचारलं. दर बुधवारी कोण येतो? त्यांनी खाली बघूनच सांगितलं, तुझाच भाऊ ना तो.

राग ४.

शनिवार, १५ फेब्रुवारी

अर्ज मागून पुन्हा वाचला. ‘स्वीकारकर्ता जोडीदाराची भावना कायमची स्वतःकडे घेईल.’ स्पष्ट लिहिलंय. मी शुद्धलेखन वाचलं, अर्थ वाचलाच नाही.

परत द्यायचं कसं, असं मॅडमना विचारलं. त्यांनी माझा हात थोपटला. “परत देणं नसतं, प्रीतम. स्वीकार एकदाच होतो.”

बुधवार, १९ फेब्रुवारी

चिठ्ठी वाचायला नकार दिला. मॅडमनी वाचली. तरी आत आलीच — दातांत, मुठीत.

फाटकाशी दादाला गाठलं. चेहरा इतका मऊ, लहान मुलासारखा. घरी आई नसताना मला घास भरवणारा हाच, बोटीवर बॅग धरणारा हाच. का केलंस, एवढंच विचारलं.

“तुला काय बायको आहे, संसार आहे? तुझ्यात जागा होती रे.”

आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी, सकाळ

वहिनी मला न्यायला येतेय. फोनवर सांगितलं, येऊ नकोस. ती हसली. म्हणाली, बोटीत बसलेय.

खोलीत कोंडून घेतलंय. बादली भरून घेतली. तोंड बुडवलं. तीस. पुन्हा तीस. काही होत नाही.

आली. एकटी. दाराशी आहे.

“भावोजी, उघडा ना. घरी चला. हे किती बदललेत, बघा तरी.”

तथ्य: तिने माझं कधी वाईट केलं नाही.

तथ्य: मी तिच्यावर कधी आवाजही —

जा म्हणायला तोंड उघडलं. निघाला तो दादाचा आवाज. तीच शिवी.

ती एक पाऊल मागे गेली. ऐकू आलं मला. ते ऐकून बरं —

नाही. नको. वहिनी पळ

डाव्या हाताने लिहितोय. उजवा दाराची कडी काढ