सहावं बटण

४ नोव्हेंबर १९६३, सोमवार

पोचलो एकदाचा. कसालहून निघालेली एस.टी. वेंगुर्ल्यात दोन तास बसली. मग शिरोड्याची दुसरी गाडी, आणि तिच्यात माझ्या मांडीवर एका बाईने सुक्या बांगड्यांची पाटी ठेवली ती उतरेपर्यंत उचलली नाही. तरी मन खुशीत आहे. शिरोड्याच्या या वाडीपर्यंत विजेची लाइन आली, चाळीस घरांचं वायरिंग माझ्या एकट्यावर सोपवलंय आणि राहायला खोलीही मिळाली.

ही वही विमलाने दिली. रोज लिहायचं आणि ती आली की सगळं वाचू द्यायचं, अशी अट. ती सोळा तारखेला येते. सातवा महिना आहे आणि कसालला माझ्या भावाच्या घरी तिला धड भाकरही सुखाने मिळत नाही. बाळ आपल्याच घरात जन्माला येऊ दे, एवढंच तिने मागितलं. विमला, हे बघ, घर मिळालं.

घरमालकीण आनंदीबाई. पन्नाशीच्या, कपाळाला ठसठशीत कुंकू. नवरा बोटीवर, एवढंच म्हणाल्या. वाडीत बऱ्याच जणांनी खोली मागितली होती म्हणे, पण त्यांना परका माणूसच हवा होता. माझ्याकडून त्यांना एकच हवंय. आधी मला दिलेल्या खोलीतले दिवे पेटवून द्यायचे, मग बाकीची वाडी.

५ नोव्हेंबर, मंगळवार

खोली बघून मी चाटच पडलो. घर साधं चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं. पण पडवीत डावीकडचं दार उघडतं ते थेट बोटीत. आख्खी केबिन आहे! सागवानी भिंती, एकावर एक दोन बिछाने, गोल खिडकी, पंखा, भिंतीत बसवलेला आरसा. दारावर पितळी आकडा, १७. आनंदीबाईंच्या दिराने, लवूने, वहिनीच्या हट्टाखातर मुंबईला भंगारात निघालेल्या बोटीतून ही खोली फळी फळी सोडवून गलबतावरून आणली आणि इथे जशीच्या तशी उभी केली. गोल खिडकीतून चिऱ्यांची भिंत दिसते. भर दुपारीही आत दिवा लागेल, असा काळोख.

दाराशेजारी पितळी पट्टीवर सहा बटणं एका रांगेत. खाली कधीकाळी अक्षरं असतील, पुसून पुसून सपाट झालीत. पाच वर्षं मुंबईत गिरणीची मशिनं जोडली, तेव्हा सहा बटणांनी काय घाबरायचं. वायरी मात्र एकीतून दुसरीत अशा गुंतल्यात की जोडणारा शुद्धीवर नसावा.

७ नोव्हेंबर, गुरुवार

आज करंट दिला आणि माझी चांगलीच जिरली. पहिलं बटण छताच्या दिव्याचं असेल म्हणून दाबलं, तर पंखा सुरू. दुसऱ्याने आरशाचा दिवा लागला, पण वरच्या बिछान्याचा विझला. तिसऱ्याने काहीच नाही, आणि चौथं चालू असेल तर तिसऱ्याने छताचा दिवा. शेवटी कागदावर तक्ता काढला. पाचांचा हिशेब लागला.

सहावं हट्टी निघालं. वर केलं की आपोआप खाली येतं. स्प्रिंग गेली म्हणावं तर स्प्रिंग धडधाकट. वायर दाराच्या चौकटीत जाते आणि दिसेनाशी होते. मी सोडतो होय? दुपारभर तेच. तीस-चाळीस वेळा तरी दाबलं असेल. एकदोनदा खूप खालून कुठूनतरी घरघर ऐकल्यासारखं वाटलं. इथे खाली फक्त जमीन आहे.

तेवढ्यात लवू आला. पन्नाशीचा, हाडकुळा, जाळं टाकून पोट भरणारा. माझ्या हाताकडे बघितलं आणि रंगच उडाला. म्हणाला, "त्या शेवटच्या बटणाक परत हात लावलंस तर मोडून ठेवतलंय." बटण की हात, ते सांगितलं नाही. आनंदीबाईंनी त्याला हाताला धरून बाहेर नेलं. मला मात्र राग आला. वायरमन मी आहे.

९ नोव्हेंबर, शनिवार

रात्री पडवीत काढलेले माझे बूट सकाळी अंगणाच्या पार टोकाला, बेड्याच्या फाटकापाशी सापडले. पॉलिश केलेले, तोंड दिसेल असे. आत काठोकाठ पाणी. शेजारी पितळी तबक, त्यात कपबशी, वर घडी घातलेला पांढरा रुमाल. कपात चहा असेल म्हणून घोट घेतला. समुद्राचं पाणी होतं.

लवूची मस्करी असणार. आनंदीबाईंना दाखवलं तर त्यांनी तो रुमाल दोन्ही हातांत घेऊन छातीशी धरला. म्हणाल्या, घडी तशीच आहे. आणि आज त्यांनी मला वाटीभर सोलकढी जास्त वाढली.

संध्याकाळी आणखी एक लक्षात आलं. केबिनच्या दारावर, बाहेरच्या बाजूला, सुपारीएवढी लाल काच आहे. शोभेची समजत होतो. तो दिवा आहे आणि तो पेटलाय. म्हणजे सहाव्या बटणाचा दिवा बाहेर होता. सापडला म्हणून आनंद झाला खरा, पण कुठल्याच बटणाने तो विझत नाही.

११ नोव्हेंबर, सोमवार

काल तबक तुळशीपाशी होतं. आज पडवीत.

फ्यूज काढला. सगळं घर अंधारलं, लाल दिवा तसाच. मग वायर कापली. कापलेलं टोक माझ्या हातात आणि दिवा समोर पेटलेला. मी जे शिकलो त्यात हे बसत नाही.

चाळीस घरांपैकी आज एकानेही दार उघडलं नाही. काल ज्यांनी पोहे दिले त्या घरी आज मी पाणी मागितलं तर बाईने आतून कडी घातली. रस्त्यावरून तो दिवा दिसतो. येणारेजाणारे बघतात, मग माझ्याकडे बघतात, आणि भराभर पाय उचलतात.

शेवटी लवूलाच किनाऱ्यावर गाठलं. तो बोलला, पण माझ्याकडे पाठ करून. आनंदीबाईंचा नवरा, गुणाजी, ही केबिन ज्या बोटीतली त्याच बोटीवर प्रवाशांच्या खोल्या सांभाळायचा. चहा, बूट, बिछाने. लवू त्याच बोटीवर खलाशी. खोलीतल्या प्रवाशाने सहावं बटण दाबलं की दारावर लाल दिवा लागायचा, खाली घंटी वाजायची आणि गुणाजीने जायचं. दिवा आतून विझत नाही. गुणाजी दाराशी आला की तोच विझवणार, आणि किल्लीही त्याच्याकडेच.

पंचावन्न साली रंगून बंदरात बोटीत पाणी शिरलं. सगळे वर पळत होते. सतरातून घंटी वाजली. लवूने भावाचा सदरा धरला, तो फाटला, पण गुणाजी खाली गेला. सतरा नंबरचा प्रवासी तेव्हा होडीत बसून सुखरूप निघाला होता. काळोखात दिवा लावायला गेला आणि भलतंच बटण दाबलं, असं त्याने नंतर हसत सांगितलं. पुढे बोट वर काढून मुंबईला भंगारात आणली, तेव्हा गुणाजी कुठल्याच खोलीत नव्हता.

लवू म्हणाला, "एकदा हाक मारली तर तो गेलो. तू चाळीस वेळां मारलंस. आता येतलो तो रागान येतलो."

१२ नोव्हेंबर, मंगळवार

सामान उचलून शाळेत झोपायला आलो. हेडमास्तर शहाणे आहेत, असल्या गोष्टी मानत नाहीत. मीही मानत नाही. विमला, तू हे वाचून हसशील.

१३ नोव्हेंबर, बुधवार

शाळेच्या पायरीवर बूट. पाणी. तबक.

हेडमास्तरांनी ते पाहिलं आणि तुमची सोय दुसरीकडे बघा म्हणाले. डोळ्यांत बघून बोलले नाहीत.

म्हणजे खोली सोडून उपयोग नाही. हाक मी मारली, तो माझ्याकडे येतोय. कसालला गेलो तर कसालला येईल. विमला आहे तिथे.

सकाळच्या गाडीच्या ड्रायव्हरजवळ चिठ्ठी दिली. इकडे येऊ नकोस, कारण विचारू नकोस, भावाकडे कितीही त्रास झाला तरी तिथेच राहा. ड्रायव्हर कसालचा आहे, नक्की देतो म्हणाला.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

परत सतरात. दुसरं कोणी उभं करत नाही.

आनंदीबाईंना सरळ विचारलं. तुम्हाला ठाऊक होतं ना? त्यांनी नाकारलं नाही. माझ्यापुढे जेवणाचं ताट ठेवलं आणि समोर बसल्या. त्यांनी स्वतः वीज नसताना, कोरड्या बटणावर, किती वर्षं बोट ठेवलं ते सांगितलं. तो घरच्यांच्या हाकेला येत नाही. त्याची नोकरी प्रवाशांची. म्हणून परका माणूस.

"तेका तेवां खोलीत कोण गावाक नाय," त्या म्हणाल्या. "म्हणान तो अजून शोधता. एकदा कोण गावलो की सुटतलो. मगे घराक येतलो."

आणि जो सापडेल त्या माणसाचं काय, असं मी विचारलं. त्यांनी ताटात भात वाढला. डोळ्यांत पाणी होतं, पण ते माझ्यासाठी नव्हतं. आठ वर्षं त्या कुंकू लावून बसल्या आहेत. मला त्यांचा संताप येतो आणि शिवीही देता येत नाही.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी दोन. पाची बटणं चालू, तरी आत काळोख वाटतो.

तबक उंबऱ्यावर आहे.

मघाशी कुलपात किल्ली शिरली. अर्धी फिरली — थांबली — निघाली. मी आतून दोन्ही हातांनी दाराची मूठ धरून उभा होतो. मूठ ओली झाली, पितळ गार. दाराखालून पाणी आलं, दोन बोटं, मग ओसरलं.

ओरडून सांगितलं, चुकून दाबलं, काही नको, जा. पलीकडे कोणीतरी हसलं. हसणं नव्हे. घशात पाणी असताना —

उद्या सोळा. ती येणार नाही. चिठ्ठी पोचली असेल. पोचली असेलच.

१६ नोव्हेंबर, शनिवार

विमला आली.

मंगळवारीच भावाचं घर सोडून ती वेंगुर्ल्याला मावशीकडे आली होती. चिठ्ठी कसालला पडून असेल. दार उघडलं तर पडवीत बसलेली, पाय सुजलेले, आणि आनंदीबाई तिच्या पायांना खोबरेल चोळत होत्या. किती खुशीत आहे ती. म्हणाली, घर बघूया.

उंबऱ्यावरच्या तबकात आज दोन कप.

दोन. त्याने तिलाही मोजलं.

परतीची गाडी उद्या. आणि गाडी असूनही काय. मी तिच्याबरोबर असेन तिथे —

म्हणजे मी तिच्याबरोबर असता कामा नये. त्याला सतरात एक माणूस हवा, तो मिळाला की तो सुटेल. आनंदीबाईंना बाजूला घेतलं. विमलेला खोलीत पाऊल टाकू देऊ नका, एवढंच मागितलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाल्या, "बायलेची काळजी करू नकात. तिचा बाळतपण मी करतंय." आणि विहिरीवर पाणी आणायला गेल्या.

विमलेला खरं कसं सांगू. सांगितलं असतं तर तिने मला आत जाऊ दिलं नसतं. म्हटलं, आत करंट उघडा आहे, मी नीट करतो. दारावर लाल दिवा आहे तोवर भिंतीलासुद्धा हात लावू नकोस. पोटुशी बाई, ऐकेल. ऐकते ती माझं कामाच्या बाबतीत. तू बाहेर अंगणात बस, म्हटलं, गजाली नंतर करू.

आत आलो. दार ओढलं. खालच्या बिछान्यावर बसून लिहितोय.

विमला, वही तुझी आहे. भावाकडे जाऊ नकोस. मावशीकडे राहा. बाळाला वायरमन करू नकोस, शाळेत घाल. मला तुझ्याशी नीट बोलायचं होतं — बांगड्यांची पाटी सांगायची होती —

पाणी आलं. घोट्यापर्यंत. पंखा आपोआप थांबला. छताचा गेला. आरशाचा आहे.

मी हलणार नाही. इथेच आहे मी. सतरात आहे. ये.

बाहेरून विमला बोलते आहे. "अवो, लाल दिवो गेलो. जमला तुमका."

खुश आहे. दिवा गेला म्हणजे करंट गेला. मीच सांगितलं तिला. मीच —

नको म्हणून ओरडतोय, पाण्याचा आवाज — तिला ऐकू जात नाही. तिची चप्पल वाजते. पडवीत. दाराकडे.

किल्ली फिरते आहे. तिच्याजवळ किल्ली नाही.

ती कोणाला तरी म्हणते, होय, ह्येंचीच खोली, उघडा, मी पण —

विमला आत येऊ नको आत ये