गेल्या वर्षीच्या रंगाची सायकल

तीर्थस्वरूप दादांच्या चरणी वोन्जूहून धाकट्या बोंग-सुनचा वाकून नमस्कार.

तुमची कंबर कशी आहे? वहिनींचा खोकला गेला का? मी पाठवलेली मुळ्याची किमची संपली असेल तर बरणी परत पाठवा. (संपली नसेल तर एव्हाना आंबट झाली असेल, तिचं कालवण करा.) माझं भाजी-लोणच्यांचं दुकान बरं चाललंय. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तुम्ही माझं अर्धं वाक्य ऐकता आणि पूर्ण निकाल देता. तेव्हा हे पत्र चष्मा लावून, सावकाश, एकही ओळ न गाळता वाचा. काही घाई नाही.

सुगीच्या सणाला तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाला होतात की विधवा बाईनं दुकान सांभाळावं, नवऱ्याचं वर्षश्राद्ध घालावं आणि बाकी वेळ घरात बसावं. पहिली दोन कामं मी मन लावून करते. तिसरं मला जमत नाही, दादा. हे गेल्यापासून मी घर ते दुकान आणि दुकान ते घर एवढंच जग बघितलं. म्हणून आमच्या गल्लीतल्या डोंगर-सायकल मंडळात नाव घातलं. ही मंडळी जंगलखात्याच्या कच्च्या रस्त्यानं खिंडीपर्यंत जातात आणि भाताचे गोळे खाऊन परत येतात. माझ्या दोनच इच्छा होत्या. वसंतातल्या पहिल्या फेरीला स्वतःच्या सायकलवर खिंड गाठायची, आणि मग तुमच्या तोंडून ‘बरं केलंस’ ऐकायचं. खिंड गाठली. दुसरी इच्छा अजून बाकी आहे.

मंडळात श्री. प्यो नावाचे एक गृहस्थ आहेत. (आहेत, एवढंच सांगतेय.)

आता आपल्या लोकांची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. घरामागच्या टेकडीवर जायचं असलं तरी माणूस हिमालयात निघाल्यासारखा सजतो. मीही सायकलीच्या आधी हेल्मेट, गॉगल, हातमोजे आणि बुडाखाली गादी शिवलेली चड्डी घेऊन टाकली. सवय व्हावी म्हणून ती चड्डी घालून दुकानात बसायला लागले, तर गिऱ्हाइकं म्हणायला लागली, “बाई, तब्येत सुधारली हं!” सायकलच्या दुकानातल्या शिमनं माझा तो थाट पाहून मला मोठं गिऱ्हाईक समजून पुढे-मागे स्प्रिंगा असलेली, कार्बनची सायकल काढली. उचलून बघा, पिसासारखी हलकी आहे म्हणाला. अरे बाबा, मला हिच्यावर बसायचंय, उचलायची कशाला? किंमत ऐकल्यावर मात्र मी ती अगदी हळूच खाली ठेवली, ओरखडा उठला तर घ्यावी लागेल म्हणून. मग विचारलं, किमचीचे डबे ठेवायला मागे कॅरिअर कुठे बसेल? शिमचा चेहरा असा पडला, जणू मी नटलेल्या नवरीच्या डोक्यावर भाजीची पाटी द्यायला सांगत होते.

प्योसाहेब तिथेच होते. (त्यांना साखळीचं तेल हवं होतं. योगायोग.) त्यांनी आयुष्यभर गावोगावची बस चालवली. त्यांनी रंग पाहिला नाही, वजन पाहिलं नाही, एकेका सायकलचा ब्रेक दाबत दुकानभर फिरले. मला म्हणाले, “बाईसाहेब, गाडी पळते कशी हे कुणीही बघतं. थांबते कशी ते आधी बघा.” त्यांचं म्हणणं असं की आपल्यासारख्या हौशी माणसाला पुढची स्प्रिंग पुष्कळ झाली, मागची घेतली की किंमतही वाढते आणि दुरुस्त्याही. टायर रुंद हवेत, सांगाडा आपल्या उंचीचा हवा, आणि काटकसर कुठेही करा पण चाकाच्या चकतीला धरणाऱ्या डिस्क ब्रेकवर करू नका. हे सगळं असलेली एक वांगी रंगाची सायकल कोपऱ्यात उभी होती, आणि चक्क परवडणारी होती. शिम ओशाळून म्हणाला, “हा गेल्या वर्षीचा रंग आहे, बाई.” मी म्हटलं, “मी त्याच्याही बऱ्याच आधीची आहे. बांध.”

पुढचं सगळं तुमच्यामुळे झालं, दादा. रागावू नका, वाचा. मोसमाच्या पहिल्या फेरीआधी मंडळ डोंगरदेवाची पूजा घालतं. नैवेद्याचं डुकराचं मुंडकं मी स्वतः बाजारातून निवडून आणलं, चांगलं हसऱ्या तोंडाचं. तांदळाचे केक मांडले, सगळे ओळीनं दंडवत घालून झाले. नव्या सायकलीच्या पुढ्यात मातीवर तांदळाची दारू थोडी शिंपडायची असते, असं प्योसाहेबांनी बजावलं होतं. पण मला आपल्या घरचे संस्कार आठवले. आमच्या यांनी हयात असताना माल पोचवायला टेम्पो घेतला तेव्हा तुम्ही स्वतःच्या हातानं चारी चाकांवर अख्खा घडा ओतला होता, आणि त्या टेम्पोला कधी साधा ओरखडा गेला नाही! मी म्हटलं, माझ्या सायकलीवर अन्याय का? दोन्ही चाकांवर वाडगा-वाडगा ओतला. टेम्पोचे ब्रेक आत झाकलेले असतात आणि सायकलचे उघडे, हे मला कुणी सांगितलं होतं?

चढताना ब्रेक लागतो कुणाला! धापा टाकत, मध्ये दोनदा उतरून, पण आपल्या पायांनी वर पोचले. खिंडीत अझालियाची गुलाबी फुलं फुलली होती आणि खाली आमचं सगळं गाव दिसत होतं. माझं दुकान कुठलं ते ओळखूसुद्धा येईना. मला रडू आलं, दादा. खूप बरं वाटलं.

उतारावर प्योसाहेब माझ्या पुढे होते. ते अजूनही प्रत्येक वळणावर हात दाखवतात, जंगलात मागे खारसुद्धा नसली तरी. मी पहिल्या वळणावर ब्रेक दाबला आणि ज्या डुकराचं मुंडकं आम्ही पूजेला मांडलं होतं तेच चाकात अडकल्यासारखं किंचाळायला लागलं. दारू प्यालेला ब्रेक ओरडत होता खूप, धरत मात्र काहीच नव्हता. पुढची दोघं रानडुक्कर आलं समजून सायकली टाकून बांधावर चढली. प्योसाहेबांनी एकदाच मागे पाहिलं आणि ओरडले, “उजवीकडे! चढाच्या वाटेला घाला!” मी उजवीकडे घातली. ती वाट जिनसेंगच्या मळ्यात जात होती, आणि पिकावर सावलीसाठी बांधलेल्या काळ्या जाळीनं मला अलगद झेललं.

मळ्याची मालकीण विळा घेऊन धावत आली. मला मेली काय विचारायच्या आधी तिनं जाळीचे खांब मोजले, मग प्योसाहेबांवर कडाडली, “या वयात ही कसली थेरं? आवरा की तुमच्या बायकोला!” मी जाळीत लटकून वाट बघत होते की आता हे सांगतील, ही माझी बायको नव्हे म्हणून. त्यांनी हेल्मेट काढलं, कमरेत वाकले आणि म्हणाले, “चुकलं, मावशी. यापुढे आवरीन.” मग दुपारभर आम्ही दोघांनी तिची जाळी पुन्हा बांधून दिली. पण ‘यापुढे’ हा शब्द मी उलटी लटकलेली असतानासुद्धा नीट ऐकला होता.

बाकी लिहिण्यासारखं विशेष काही नाही. वहिनींना नमस्कार.

तुमची, गुडघे शाबूत असलेली,
बोंग-सुन

ता. क. शिमनं डिस्क पुसून दिली, ब्रेक आता नीट धरतो. थोडा ओरडतो अजून. पॅड बदलतो म्हणाला, तर प्योसाहेबांनी नको सांगितलं. म्हणाले, पुढे असलो तरी तुम्ही मागे आहात हे मला ऐकू येतं.

ता. क. त्यांनी मला विचारलं आहे. मी म्हटलं, आधी दादा. यांच्या फोटोपुढे दिवा लावून यांनाही सांगितलं. फोटो पडला नाही, दिवा विझला नाही. आता तुमचंच राहिलं.

ता. क. हे पत्र मी टपालानं पाठवत नाहीये. ज्यांनी आणलं, ते आत्ता तुमच्यासमोर गुडघे टेकून, पाठ ताठ ठेवून बसले असतील. वडीलधाऱ्यांनी सांगितल्याशिवाय हलायचे नाहीत, तसले आहेत. बस चालवून चालवून त्यांचे गुडघे गेलेत, आणि पत्र फार लांबलं. सावकाश वाचा म्हटलं होतं ते मागे घेते. आधी त्यांना “पाय मोकळे करून बसा” म्हणा, दादा. तेवढं म्हणालात तरी मी समजेन.