तिसऱ्या ग्लासातली रम

४ मार्च

तीन ग्लास, एक तज्ज्ञ आणि आमची पत्र्याची शेड. नवऱ्याने सकाळपासून फरशी इतकी पुसली, की तज्ज्ञांना आधी फिनाईलचाच वास आला असणार. "मळीची नाही हं, ताज्या उसाच्या रसाची रम आहे!" — हे तो दूधवाल्यालाही सांगतो, तज्ज्ञांना का सोडेल?

पहिला ग्लास — तज्ज्ञांनी घड्याळ पाहिलं. दुसरा — मोबाइल. तिसरा — डोळे मिटले!

"ओलं गवत... जुनं चामडं... आणि मागे कुठेतरी, बंद पडलेलं ग्रंथालय."

तज्ज्ञांना घेऊन आलेल्या हॉटेलवाल्याच्या एका शब्दावर आमची शेड चालायची की बंद व्हायची, ते ठरणार. त्याने घाईघाईने पुन्हा हुंगलं. त्यालाही ग्रंथालय आलं! सासूबाई हुंगून म्हणाल्या, "नासलाय रस." त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

हॉटेलवाला म्हणाला, "हीच हवी. दर महिन्याला. दुसरी नको."

५ मार्च

तिसरी बाटली नोव्हेंबरातली. तेव्हा मी "तुझं लग्न त्या टाकीशीच झालंय!" म्हणून बॅग उचलून ताईकडे गेले होते. एरवी रस निघाला की हा लगेच यीस्ट घालतो, झाकण लावतो, तान्ह्या बाळाला पांघरूण घालावं तसं. त्या वेळी रस उघडाच राहिला, भलताच आंबला. फेकायला जीव होईना म्हणून तसाच भट्टीवर चढवला.

"राहिला कसा रे?" विचारलं.

"राहिला." संपलं.

तेव्हा एक फोन नव्हता त्याचा. टाकी हाताशी असल्यावर बायको कशाला आठवेल!

लेबलचा मजकूर अर्थात मी लिहायचा. घरची लेखिका ना! लिहिलं — "संयमाने, निसर्गाच्या लयीत आंबवलेली." लाज वाटली. पण दिसतंय छान.

९ मार्च

दुर्लक्ष करण्याचा पहिला प्रयत्न. नवऱ्याने मोबाइलवर आठवण लावली — "टाकीकडे बघू नये." ती वाजली की उठून बघून येतो! दुपारी झाकण लावताना पकडला.

"माशी पडेल गं."

१४ मार्च

नवी रम स्वच्छ, शिस्तीची, पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी. तज्ज्ञ "निर्दोष आहे" म्हणाले — सांत्वनाला आल्यासारखे. हॉटेलवाला म्हणाला, महिनाअखेरपर्यंत जमवा, नाहीतर राहू द्या.

१५ मार्च

जेवताना, ताटाकडे बघत — "तू... ताईकडे जाऊन येतेस का? थोडे दिवस?"

इतकी हसले, की ठसका लागला. मग भांडी घासताना हसू कुठे गेलं कळलं नाही. त्या टाकीपायी रडत गेले होते. आता टाकीसाठीच पाठवतोय.

१७ मार्च

ताईकडे.

"पुन्हा भांडलात?"

"नाही गं. धंद्याचं काम आहे."

"भांडणाचीही ऑर्डर घ्यायला लागलात?"

संध्याकाळी सासूबाईंचा फोन. "तुझा नवरा खुर्चीत बसलाय बघ, मागच्यासारखाच. रस उघडा पडलाय, हा हलत नाही."

"मागच्या वेळी टाकीपाशी होता ना?"

"टाकीपाशी? अगं, तिकडे फिरकला नाही! फोन मांडीवर घेऊन बसायचा. टाकी तरी बघून ये म्हटलं, तर म्हणे मरू दे ती टाकी. मग तिला फोन कर म्हटलं, तर म्हणे ती लेखिका, तिच्यासमोर मी काय बोलू!"

ताईने विचारलं, काय झालं? काही नाही म्हटलं. बाथरूममध्ये जाऊन उगाच नळ सोडला.

बंद पडलेलं ग्रंथालय म्हणे! एवढे तज्ज्ञ, पण त्या ग्लासात काय होतं ते त्यांना नाही कळलं.

आता बसू दे त्याला तसाच. अजून थोडे दिवस बसला, की ऑर्डर आपली.

१८ मार्च

सकाळी दारात तो! दोन पायांत दोन वेगळ्या चपला. हातात चार्जर — "तू विसरलीस." चार्जर त्याचाच होता.

"टाकी?"

"यीस्ट घालून, झाकून आलोय."

गेली ऑर्डर!